नवं फर्मवेअर आलं आणि वाय-फाय तुटायला लागलं

घरचं नेटवर्क : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे, पुण्यात धानोरीत राहते. संध्याकाळी दहावीच्या मुलांना घरूनच ऑनलाइन गणित शिकवते. फायबरचं कनेक्शन आहे, राउटर कंपनीनेच दिलेला. इतके दिवस काही त्रास नव्हता. मागच्या महिन्यात एका रात्री तो आपोआप बंद होऊन चालू झाला. फोन केला तर ‘मॅडम, फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट झालंय’ एवढंच कळलं. तेव्हापासून प्रमेय अर्ध्यावर असताना वाय-फाय जातं. घरात दोन नावं दिसतात. त्यातलं ज्याच्यापुढे ‘५जी’ आहे ते यादीतून नाहीसंच होतं आणि मिनिटाभराने परत येतं. दुसरं तसंच राहतं. प्रिंटर तर त्या दिवसापासून जोडलाच जात नाही. तपासायला आलेला मुलगा म्हणाला, राउटर जुना झालाय, साडेतीन हजारांचा नवा घ्या. कस्टमर केअरवर एकच उत्तर, बंद करून चालू करा. नवा घ्यावा का? आणि ही अपडेट्स कायमची बंद करता येतील का?
— एक वाचक, धानोरी

उत्तर : बाई, साडेतीन हजार रुपये तूर्त तुमच्याकडेच राहू द्या. तुम्ही पत्रात लक्षणं इतकी नेमकी लिहिली आहेत की निम्मं निदान तिथेच होतं. फायबर तुटत असती तर वाय-फायची दोन्ही नावं दिसत राहिली असती, त्याखाली ‘इंटरनेट नाही’ असं आलं असतं आणि राउटरवरचा एलओएस लिहिलेला दिवा लाल झाला असता. राउटर स्वतःच बंद पडून चालू होत असता तर दोन्ही नावं एकदम गेली असती. तुमच्याकडे एकच नाव जातं, आणि तेही मिनिटाभरासाठी. हा मिनिट फार महत्त्वाचा आहे.

तुमच्या राउटरमध्ये दोन रेडिओ आहेत. एक २.४ गिगाहर्ट्झचा, दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. ‘५जी’ म्हणजे हा दुसरा. मोबाइलच्या फाइव्ह-जीशी त्याचा काही संबंध नाही. या ५ गिगाहर्ट्झमध्ये बरेच चॅनेल आहेत. त्यातले ३६ ते ४८ आणि १४९ पासून पुढचे मोकळे. मधले, म्हणजे ५२ ते ६४ आणि १०० ते १४४, हे रडारबरोबर वाटून घेतलेले. हवामानाची काही रडारं साधारण ५,६०० ते ५,६५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात, आणि वाय-फायचे १२० ते १२८ हे चॅनेल नेमके तिथेच येतात. म्हणून या मधल्या चॅनेलवर बसणाऱ्या राउटरला एक शिस्त पाळावी लागते. रडारसारखा संकेत कानावर पडला की दहा सेकंदांच्या आत चॅनेल सोडायचा आणि अर्धा तास तिकडे फिरकायचं नाही. नवा चॅनेलही त्याच पट्ट्यातला असेल तर आधी पूर्ण ६० सेकंद गप्प राहून ऐकायचं, मगच बोलायचं. लक्ष्मी रस्त्यावर रुग्णवाहिकेचा सायरन ऐकला की सगळे जागा मिळेल तिथे बाजूला होतात, तसंच. या शिस्तीला डीएफएस म्हणतात. तुमचा तो मिनिट बहुधा हा आहे.

हे अपडेटनंतरच का सुरू झालं? तुमचा राउटर आधी ३६ किंवा ४४ अशा एखाद्या मोकळ्या चॅनेलवर ठेवलेला असणार. नवं फर्मवेअर बसताना बऱ्याचदा ही जागा ‘ऑटो’ होते आणि राउटर स्वतःच चॅनेल निवडायला लागतो. त्यातून २०१८च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा, एकूण ६०५ मेगाहर्ट्झ, विनापरवाना वापरासाठी खुला केला. त्यामुळे नव्या फर्मवेअरमध्ये भारतासाठीच्या चॅनेलची यादी लांब असू शकते. ऑटोवर ठेवलेला राउटर गर्दी कमी दिसली की मधल्या पट्ट्यात जाऊन बसतो. विमानतळाच्या किंवा हवामानाच्या रडारच्या आसपास राहणाऱ्यांना हा त्रास जास्त जाणवतो, आणि तुम्ही तर लोहगाव विमानतळाच्या शेजारी आहात. रडार नसताना दुसऱ्याच कुठल्या संकेताला रडार समजून उठणारे राउटरही असतात.

मी हिंजवडीत एका कंपनीत नेटवर्कचंच काम करत होते, आता कोथरूडला आमच्या सोसायटीत कुणाचं काही अडलं की जाते. गेल्या पावसाळ्यात चौथ्या मजल्यावरच्या काकूंकडे हेच चाललं होतं. राउटरच्या पानावर ‘सिस्टिम लॉग’ नावाची एक जागा असते, तिकडे कुणी कधी बघत नाही. ती उघडली तर एकाखाली एक ओळी होत्या : चॅनेल १००, ‘रडार डिटेक्टेड’, चॅनेल बदलला, चॅनेल ११६, पुन्हा ‘रडार डिटेक्टेड’. काकूंनी कागदावर नेट गेल्याच्या वेळा लिहून ठेवल्या होत्या. शेजारी ठेवून पाहिलं तर त्या वेळा आणि या ओळी तंतोतंत जुळत होत्या. चॅनेल ४० वर कायम केला आणि त्यांची तक्रार संपली. एक पैसाही खर्च झाला नाही.

आता तुमच्या घरी काय करायचं ते सांगते. राउटरच्या खाली किंवा मागे एक स्टिकर असतो. त्यावर १९२.१६८.१.१ किंवा तशाच आकड्यांचा पत्ता आणि लॉगिनचा पासवर्ड लिहिलेला असतो. वाय-फायला जोडलेल्या लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता टाका. आत गेल्यावर सगळ्यात आधी मोबाइलने प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा, काहीही बदलण्यापूर्वी. मग ५ गिगाहर्ट्झच्या वायरलेस सेटिंगमध्ये चॅनेल ‘ऑटो’वरून ३६, ४०, ४४ किंवा ४८ करा. त्याच पानावर चॅनेलची रुंदी असते, ‘बँडविड्थ’ किंवा ‘चॅनेल विड्थ’ या नावाने. ती ८० ठेवा. इथे पुष्कळ जण फसतात. चॅनेल ३६ निवडला पण रुंदी १६० ठेवली, तर राउटर ३६ पासून थेट ६४ पर्यंतची जागा व्यापतो आणि त्यातली अर्धी जागा रडारच्याच वाटणीतली असते. मग माणूस म्हणतो, चॅनेल बदलूनही काही फरक नाही. रुंदी ८० केली की वेग कागदावर थोडा कमी दिसेल. तुमच्या वर्गाला त्याची झळही लागणार नाही, कारण व्हिडिओवर शिकवायला काही मेगाबिट पुरतात.

कंपनीने दिलेल्या काही राउटरमध्ये ही पानं ग्राहकाला उघडत नाहीत. तसं असेल तर कस्टमर केअरला ‘नेट जातंय’ असं सांगू नका, त्यावर ते पुन्हा बंद-चालूच सांगतील. हे वाक्य समोर ठेवा आणि वाचून दाखवा : “माझ्या राउटरचा ५ गिगाहर्ट्झचा चॅनेल ३६ वर कायम करा, चॅनेल विड्थ ८० ठेवा, २.४ गिगाहर्ट्झची सिक्युरिटी डब्ल्यूपीए२ करा, आणि तक्रारीचा डॉकेट नंबर द्या.” समोरच्या मुलाला हे जमत नसेल तर तो वरच्या टेक्निकल टीमकडे देईल, आणि आपल्याला तेच हवंय. माझा अनुभव असा की नेमकी मागणी केली की काम होतं.

त्या वाक्यातला डब्ल्यूपीए२चा भाग तुमच्या प्रिंटरसाठी आहे. तुमचा प्रिंटर बहुतेक फक्त २.४ गिगाहर्ट्झवरच चालणारा असावा. डब्ल्यूपीए३ ही सुरक्षेची नवी पद्धत २०१८ मध्ये आली. अपडेटनंतर राउटर त्या पद्धतीवर किंवा २ आणि ३ च्या मिश्रणावर गेला की जुने प्रिंटर, स्मार्ट बल्ब, काही कॅमेरे आत येईनासे होतात. मिश्रण जुन्या उपकरणांनाही चालावं अशी अपेक्षा असते, पण सगळ्यांना ते झेपत नाही. म्हणून २.४च्या नावावर ‘डब्ल्यूपीए२-पीएसके, एईएस’ ठेवा आणि प्रिंटरमध्ये पासवर्ड नव्याने घाला. ५ गिगाहर्ट्झवर डब्ल्यूपीए३ चालत असेल तर राहू द्या, लॅपटॉप-मोबाइलसाठी ते चांगलंच आहे.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि एक संध्याकाळ वर्ग घेऊन बघा. चार बदल एकदम केले तर कशाने बरं झालं ते कळत नाही, आणि पुढच्या अपडेटनंतर सगळं पुन्हा पहिल्यापासून. तेवढ्यात वर्ग बुडू नये म्हणून राउटरपासून लॅपटॉपपर्यंत लॅनची केबल टाका. केबलवर वर्ग सुरळीत चालला तर दोष वाय-फायचाच, यावर शिक्कामोर्तबही होईल. आणि आलेल्या मुलाने ‘रिसेट करून बघू’ म्हटलं तर आधी त्याला विचारा, पीपीपीओईचं (कंपनीच्या नेटवर्कमध्ये लॉगिन करायचं) युजरनेम, पासवर्ड आणि कंपनीने दिलेला व्हीलॅन नंबर लिहून घेतलेत का. मागच्या भोकात पिन दहा सेकंद दाबली की हे सगळं पुसलं जाऊ शकतं, आणि मग वाय-फाय तुटणं राहिलं बाजूला, कंपनीचा माणूस येईपर्यंत घरात नेटच नसतं.

आता अपडेट्स बंद करण्याबद्दल. नका करू, बाई. तुमचा राग रास्त आहे, पण तो अपडेटवर काढू नका. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातला पासवर्ड कधीच न बदललेले कॅमेरे आणि राउटर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी मोठमोठ्या सेवांवर हल्ले केले. २०१७च्या ऑक्टोबरमध्ये डब्ल्यूपीए२मध्येच ‘क्रॅक’ नावाची त्रुटी उघड झाली. तिच्यासाठी मोबाइलपासून राउटरपर्यंत सगळ्यांना दुरुस्त्या घ्याव्या लागल्या. २०१८च्या मे महिन्यात व्हीपीएनफिल्टर नावाच्या अशाच घातक प्रोग्रॅममुळे अमेरिकेच्या एफबीआयने लोकांना घरचे राउटर बंद करून चालू करायला सांगितलं होतं. तुमच्या वर्गातल्या मुलांचे चेहरे, तुमचे बँकेचे व्यवहार, सगळं त्या एका पेटीतून जातं. तिची दुरुस्ती थांबवून चालणार नाही.

मला चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. ग्राहकाच्या घरातल्या पेटीत रात्रीतून बदल करायचे आणि सकाळी काय बदललं ते सांगायचं नाही, हे बरोबर नाही. कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये टीआर-०६९ नावाची सोय असते. तिच्याद्वारे कंपनी आपल्या केंद्रातूनच फर्मवेअर पाठवू शकते, सेटिंग बदलू शकते. सोय म्हणून ती उत्तम आहे. नाहीतर प्रत्येक घरी माणूस पाठवावा लागला असता. पण ज्यांनी बदल केला त्यांनी एक एसएमएस तरी करावा : अमुक तारखेला हे फर्मवेअर बसवलं, चॅनेल ऑटो झाला, सिक्युरिटी बदलली, जुनी उपकरणं जोडली गेली नाहीत तर हे करा. तेवढ्याने तुमचा महिना वाचला असता. आणि त्यांच्या अपडेटनंतर त्यांचाच राउटर नीट चालत नसेल तर नव्याचे पैसे तुमच्याकडे मागणं मला मुळीच पटत नाही.

म्हणून लेखी विचारा. ई-मेलमध्ये राउटरचा मॉडेल नंबर, आधीची आणि आताची फर्मवेअर आवृत्ती (आताची राउटरच्या ‘स्टेटस’ पानावर सापडेल), अपडेटची तारीख आणि नेट जाण्याच्या वेळांची यादी द्या. डॉकेट नंबर जपून ठेवा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर प्रत्येक टेलिकॉम कंपनीला ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१२च्या नियमांप्रमाणे अपील प्राधिकरण ठेवावं लागतं, तिथे अपील करता येतं आणि त्याला फी नसते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबरही आहे. ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ मध्ये आपल्याच पुण्यात सुरू झाली. या गावातल्या माणसाने ग्राहक म्हणून प्रश्न विचारताना संकोच करू नये, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यात भाड्याने राहतो, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. राउटर मालकांच्या पुढच्या खोलीत, मी मागच्या. तो त्यांचा स्वतःचा, बाजारातून घेतलेला आहे. तो अपडेट झाल्यापासून दोन नावांचं एकच नाव झालंय आणि माझ्या खोलीत मोबाइल सारखा तुटतो. मालक म्हणतात मेश, म्हणजे घरात ठिकठिकाणी ठेवायचे वाय-फायचे जोडलेले डबे, घेऊ. घ्यावं का?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : आधी मालकांना ‘स्मार्ट कनेक्ट’ बंद करायला सांग. काही राउटरमध्ये त्याला ‘बँड स्टीअरिंग’ म्हणतात. ते चालू झालं की दोन्ही रेडिओ एकाच नावाखाली येतात आणि कोणता मोबाइल कुठे ठेवायचा ते राउटर ठरवायला बघतो. फ्लॅटमध्ये हे बरं चालतं. वाड्याच्या जाड भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ फारसं पार होत नाही. तुझा मोबाइल अंगणात असताना ५ वर जातो, खोलीत आला की संकेत मरतो, तरी तो तिथेच चिकटून राहतो किंवा राउटर त्याला इकडून तिकडे ढकलत राहतो. दोन नावं वेगळी झाली की मागच्या खोलीत २.४चंच नाव वापर. त्याची रुंदी २० आणि चॅनेल १, ६ किंवा ११ यातला सगळ्यात कमी गर्दीचा. पेठेत घराला घर लागून आहे, त्यामुळे ४० ठेवलं की शेजारच्यांशी धडक ठरलेली. मालकांचा मायक्रोवेव्ह त्याच पट्ट्यात गोंगाट करतो, तेव्हा राउटर स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवून ठेवलेला नको.

एवढ्याने भागलं नाही तर मेशच्या आधी केबलचा विचार करा. मेशचे डबे एकमेकांशी वाय-फायनेच बोलणार आणि मध्ये तीच भिंत असणार. तपकीर गल्लीतून कॅट-६ची केबल आण आणि माळवदाच्या कडेने ओढून मागच्या खोलीत घे. तिच्या टोकाला एक साधा, कुणाकडे पडून असलेला राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लाव. त्यात ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडला की झालं. नसेल तर दुसऱ्या राउटरचं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) बंद करायचं, त्याचा पत्ता पहिल्यापेक्षा वेगळा द्यायचा (उदाहरणार्थ १९२.१६८.१.२, पहिला १९२.१६८.१.१ असेल तर) आणि केबल त्याच्या वॅनच्या भोकात न लावता लॅनच्या भोकात लावायची. डीएचसीपी दोन्हीकडे चालू राहिलं तर घरातल्या उपकरणांना दोन ठिकाणांहून पत्ते मिळतात आणि मालकांचंही नेट बिघडतं. मग तुझी ती खोली टिकवणं अवघड. अभ्यासाचे व्याख्यानांचे व्हिडिओ केबलवरून येतील तेव्हा तुला फरक लगेच कळेल. परीक्षेसाठी मनापासून शुभेच्छा.

प्रश्न : स्वतः घेतलेल्या राउटरचं अपडेट लावलं आणि मध्येच वीज गेली. आता फक्त एकच दिवा लुकलुकतो. गेला का?
— एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर : लगेच टाकून देऊ नका. बऱ्याच राउटरमध्ये मूळ सुरुवातीचा छोटा प्रोग्रॅम वेगळा जपलेला असतो आणि त्याच्यातून ‘रिकव्हरी मोड’ उघडता येतो. साधारण पद्धत अशी : रिसेटचं बटण दाबून धरायचं, तसंच धरून वीज चालू करायची, मग लॅपटॉप केबलने जोडून कंपनीने सांगितलेल्या पत्त्यावरून फर्मवेअर पुन्हा भरायचं. नेमकी कृती मॉडेलप्रमाणे बदलते, म्हणून बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरची तुमच्या मॉडेलचीच सूचना वाचा. स्टिकरवर मॉडेलच्या पुढे व्ही१, व्ही२, व्ही३ असं लिहिलेलं असतं, ते हार्डवेअरचं रूप. एका रूपाचं फर्मवेअर दुसऱ्यात भरलं तर उरलीसुरली आशाही संपते. वॉरंटी शिल्लक असेल तर यातलं काहीही न करता आधी सर्व्हिस सेंटर गाठा.

अपडेट घेणं थांबवू नका, पण पुढच्या वेळी ऑटो अपडेट बंद ठेवून महिन्यातून एकदा स्वतः तपासा आणि लावा, रविवारी सकाळी, घाई नसताना. देखभालीसाठी वीज बंद राहणार असल्याची सूचना ज्या दिवसासाठी आलेली असेल तो दिवस टाळा. आपल्याकडे तो बहुधा गुरुवार असतो. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो घ्या. घेताना राउटरच्या ॲडॉप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर बघून घ्या. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, काही ९ व्होल्टचे. यूपीएसचे व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. आणि फायबरची पेटी वेगळी असेल तर तिलाही बॅकअप लागतो, नाहीतर वीज गेली की वाय-फायचं नाव दिसत राहतं आणि नेट मात्र येत नाही.